फ्रिज थंड होतोय, म्हणून मुलगी आली नाही!

भगिनींनो, मुलगी पाहायला पाहुणे यायचे आहेत आणि ऐन वेळी मुलगीच घरी नाही, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे का? सांगलीला माझ्या थोरल्या बहिणीवर तो गेल्या मार्गशीर्षात आला. पोहे भिजवायचे तेवढे राहिले होते. बैठकीवर धुतलेल्या चादरी, शोकेसमधल्या कपबश्या काढून पुसलेल्या, आणि आदल्या रात्री मुंबईहून लेकीचा फोन, "आई, मला उद्या येता येणार नाही गं. फ्रिज थंड होतोय."

ताईला आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग वाटलं, मुलगा पसंत नाही म्हणून निमित्त काढतेय. शेवटी तिनं पाहुण्यांना होतं तसं सांगून टाकलं. ताई तशी भोळी. त्यावर मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, "मग फ्रिज बंद करून ये म्हणावं! आमच्याकडे दोन दोन आहेत." स्थळ अर्थातच गेलं. मुलगा चांगला होता हो. स्वतःचं घर, माणसंही समजूतदार.

माझी ही भाची सव्वीस वर्षांची आहे. मुंबईच्या एका संस्थेत ती क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधन करते. पीएच.डी.चं चौथं वर्ष. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईला निदान दहाजणींनी विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करते का हो?" ताई काय सांगणार? तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं मला फोन केला. "तू जवळ राहतेस. दोन दिवस तिच्याकडे जा, हे काय खूळ आहे ते बघून ये, आणि जमलं तर तिचं डोकं ठिकाणावर आण."

मी गेले. मराठी घेऊन बी.ए. झालेली, फ्यूज उडाला तर शेजाऱ्यांना हाक मारणारी बाई मी! पण चार गोष्टी पाहिल्या, चार ऐकल्या आणि परत येताना लोकलमध्ये वाटलं, ज्यांच्या घरात अशी हुशार मुलगी आहे, किंवा तशी सून यायची आहे, त्या साऱ्याजणींना हे सांगायला हवं.

हा फ्रिज आपला नव्हे!

प्रयोगशाळेत शिरले तर आधी आवाजच ऐकू आला. चिर्रप्, चिर्रप्, जणू भिंतीत एखादा मोठा रातकिडा बसलाय. खोलीच्या मधोमध छताला टांगलेला माणसाएवढा उंच पिंप. त्याच्या शेजारी दुसरा उघडा होता, म्हणून आतलं दिसलं. देवळातलं झुंबर उलगडून ठेवावं तशा एकाखाली एक सोनेरी चकत्या, आणि त्यांतून खाली उतरणाऱ्या बारीक बारीक नळ्या नि तारा. "मावशी, हा आमचा फ्रिज," भाची म्हणाली.

आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात असते उणे 18 अंशांच्या आसपास थंडी. जगात थंडीला एक शेवट आहे, उणे 273.15 अंश सेल्सियस. त्याखाली कुणालाच जाता येत नाही. हा फ्रिज त्या शेवटाच्या वर एका अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागापर्यंत जाऊन पोचतो. चांदण्यांमधलं मोकळं आकाशसुद्धा त्याच्यापेक्षा गरम! ही थंडी हेलियम वायूच्या दोन जातींच्या मिश्रणानं आणतात. खोलीच्या तापमानापासून तिथवर उतरायला एक-दोन दिवस लागतात. मध्येच काही बिघडलं तर सगळं गरम करून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यंत्र कोट्यवधी रुपयांचं. त्यावर काम करायला विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागलेल्या असतात. ताईच्या लेकीची पाळी नेमकी त्या आठवड्यात आली होती. ती सोडली असती तर पुढची कधी, कुणास ठाऊक.

आता सांगा, खूळ म्हणायचं का याला?

विरजणाची गोष्ट

एवढी थंडी कशासाठी? तर पिंपाच्या तळाशी नखाएवढा एक तुकडा असतो, त्याला चिप म्हणतात. त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक रेघांचं नक्षीकाम असतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ थरांनी जोडलेल्या या रेघांमधून 'क्यूबिट' तयार होतो. इतक्या थंडीत अ‍ॅल्युमिनियममधून वीज काहीही अडथळा न होता वाहते. उष्णतेची जराशी थरथर राहिली तरी क्यूबिटचं काम बिघडतं.

आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक खूण शून्य तरी असते नाहीतर एक. दिव्याच्या बटणासारखी, चालू नाहीतर बंद. क्यूबिटचं तसं नाही. तो शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. आपण पाहायला गेलो की मात्र दोहोंपैकी एकच उत्तर हाती लागतं. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे घरागणिक दुप्पट करत जायची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इथे तसंच आहे. दहा क्यूबिटांची स्थिती लिहायची तर 1024 आकडे लागतात. पन्नासांची लिहायची तर एकावर पंधरा शून्यांहूनही जास्त आकडे हवेत!

"पण पाहिल्यावर एकच उत्तर मिळतं म्हणतेस, मग फायदा काय?" मी विचारलं. भाचीनं माझ्यासमोर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि दोन ठिकाणी बोट बुडवलं. दोन्हीकडून लाटा निघाल्या. काही ठिकाणी लाट लाटेवर चढून मोठी झाली, काही ठिकाणी एकमेकींना मिटवून पाणी सपाट झालं. "आमचं गणित असंच मांडायचं असतं. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मिटवतात, बरोबर उत्तराची वाढते. मग पाहिलं की बरोबर उत्तर मिळायची शक्यता जास्त. अशी मांडणी सगळ्याच प्रश्नांना जमत नाही. जिथे जमते तिथेच हा कॉम्प्युटर सरस."

अडचण एकच, क्यूबिट फार नाजूक. मला तर विरजणच आठवलं. विरजण लावलेलं भांडं हलवलं, सारखं झाकण काढून पाहिलं की दही लागत नाही. क्यूबिटचं तसंच. जरा धक्का लागला, जरा उष्णता पोचली, कुणी पाहिलं, की त्याची ती मिश्र अवस्था मोडते. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातले पन्नास-शंभर भाग टिकला तरी क्यूबिट बरा म्हणायचा. सगळं काम तेवढ्यात उरकावं लागतं.

मग चुका कशा शोधायच्या? पाहिलं तर मोडतं, न पाहावं तर चूक कळत नाही. यावरचा उपाय ऐकून मला हसूच आलं. आपण नारळ घेताना काय करतो? दुकानात फोडून पाहत नाही, कानाशी धरून हलवतो. पाण्याच्या आवाजावरून आतलं कळतं. शास्त्रज्ञही हिशेबातल्या क्यूबिटांना थेट पाहत नाहीत. शेजारी जास्तीचे क्यूबिट ठेवून त्यांच्याकडून 'आवाज' घेतात आणि चूक दुरुस्त करतात. म्हणून एका भरवशाच्या क्यूबिटसाठी कितीतरी साधे क्यूबिट खर्ची पडतात. सध्या साऱ्या जगाची धडपड याच कामावर चालली आहे.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न तुमच्या यजमानांनी विचारल्याशिवाय राहायचा नाही. तेव्हा उत्तर तयार ठेवा.

1981 साली रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं एका भाषणात म्हटलं की, निसर्गाचे अणूंच्या पातळीवरचे व्यवहार जाणून घ्यायचे तर त्याच नियमांनी चालणारा गणकच हवा. औषधाचा रेणू शरीरात कसा वागेल, खत तयार करताना नायट्रोजन कमी ऊर्जेत कसा बांधता येईल, असले हिशेब पुढेमागे या यंत्रावर करता येतील, अशी आशा त्यातूनच आली. 1994 मध्ये पीटर शोर या गणितज्ञानं दाखवलं की, मोठ्या संख्येचे अवयव पाडायला असा कॉम्प्युटर फार वाकबगार ठरेल. आणि भगिनींनो, इंटरनेटवरच्या बँक व्यवहारांची बरीचशी कुलपं याच अवयवांच्या अवघडपणावर बसवलेली आहेत!

घाबरू नका. ती कुलपं उघडील असं यंत्र आज कुणाकडेही नाही. पण खबरदारी म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं नव्या तऱ्हेच्या कुलपांचे पहिले तीन नमुने जाहीर केले. चोर येण्याआधी कडी बदलावी, तशातला प्रकार.

आपला देशही मागे बसलेला नाही. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, 2030-31 पर्यंत 6003.65 कोटी रुपयांची. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पुरी केली. ती झाली आपल्या कुलाब्याला! परदेशात शंभरावर क्यूबिटांची यंत्रं झाली आहेत, तेव्हा पल्ला मोठा आहे. पण रस्ता आपल्या दारावरून जातो आहे, हे काय थोडं झालं?

दिवसभर करतात तरी काय?

मला वाटलं होतं, पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवत असतील. तसं काही नाही. सकाळी भाची 'क्लीन रूम'मध्ये गेली. चिप तिथे बनते. धुळीचा एक कणही चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत झगा, टोपी, मोजे. पावडर, काजळ, कुंकू, काही नाही. तिच्या बरोबरीच्या एका लग्न झालेल्या मुलीनं मंगळसूत्र झग्याच्या आत सारलं आणि टिकली काढून आरशाला लावून ठेवली. बाहेर आल्यावर आधी ती टिकली लावली. मला फार गंमत वाटली.

दुपारी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणं. क्यूबिटला सूक्ष्म लहरींचे ठोके कसे, किती वेळ द्यायचे ते यात ठरतं. संध्याकाळी आलेख पाहणं. रात्री जगात इतरांनी काय केलं ते वाचणं. आणि बहुतेक दिवस हाती काय? अपयश! ज्या प्रयोगासाठी ते पाहुणे परत गेले, त्यातला क्यूबिट अपेक्षेच्या एकतृतीयांश वेळच टिकला. "मग रडलीस का गं?" मी विचारलं. "एक संध्याकाळ रडले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कारण शोधायला बसले."

वर्षं कुठे जातात?

आता खरं दुखणं बोलू या. बारावीनंतर पदवी आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, त्यानंतर दोन-तीन वर्षं कुठल्यातरी मोठ्या संशोधकाच्या हाताखाली, आणि तीही बहुधा परदेशात. कायमची नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटते. जागा थोड्या, अर्ज फार. म्हणजे आपण जी वर्षं लग्न आणि पहिलं मूल यांची धरतो, नेमकी तीच या कामाचीही.

हे मी गोड करून सांगत नाही. भाचीच्याच गटातली एक मुलगी तिसऱ्या वर्षी लग्न करून गेली. घरच्यांनी सांगितलं होतं, "नंतर पूर्ण कर की." तीन वर्षांनी तिनं चौकशी केली तर विषय कुठल्याकुठे पुढे गेलेला, हातचा सराव सुटलेला. आता ती शिकवण्या घेते. शिकवण्यांत कमीपणा नाही, पण भेटली की आधी प्रयोगाचंच विचारते, असं भाची म्हणाली.

आणि ती टिकलीवाली? तिचा मुलगा दीड वर्षांचा आहे. सासूबाई नाशिकहून येऊन राहिल्या आहेत. बागेत बाळाला फिरवताना त्या भेटल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "येतो की! पण मला मॅट्रिकनंतर पुढे शिकू दिलं नाही. सुनेचंही तसंच व्हायचं, तर मी सासू होऊन मिळवलं काय?" मी गप्पच झाले.

ज्या पुढे गेल्या

आपल्या कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, आठवतात का? 1933 साली बंगलोरच्या संस्थेत त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर घेतलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या.

आजच्या विषयात पाहा. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेच्या अदिती सेन दे यांना 2018 चं भटनागर पारितोषिक मिळालं. भौतिकशास्त्रासाठी ते मिळवणारी ही पहिली स्त्री. ऑस्ट्रेलियाच्या मिशेल सिमन्स सिलिकॉनमध्ये एकेक अणू बसवून क्यूबिट करतात. त्या तीन मुलांच्या आई आहेत, आणि 2018 मध्ये त्या देशाचा मोठा नागरी सन्मान त्यांना मिळाला.

मला सर्वांत भावली ती उर्मिला महादेव यांची गोष्ट. सोनार म्हणतो, दागिना बावीस कॅरेटचा. आपल्याला कस लावता येत नाही, मग विश्वास कसा ठेवायचा? तसंच, क्वांटम कॉम्प्युटरनं दिलेलं उत्तर साध्या कॉम्प्युटरवाल्यानं पारखायचं कसं, हा प्रश्न होता. उर्मिलाबाई अमेरिकेत बर्कलेला विद्यार्थिनी म्हणून सुमारे आठ वर्षं राहिल्या, आणि 2018 मध्ये त्यांनी तो सोडवला. आठ वर्षं! त्यांनाही कुणी विचारलंच असेल ना, "अजून शिकतेच आहेस का?"

आणि 2025 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या विजेच्या मंडलांवरच्या प्रयोगांना मिळालं, ते 1984-85 साली झालेले. चाळीस वर्षांनी फळ आलं!

घरच्यांनी काय करावं?

1. मुलीला गणित आणि भौतिकशास्त्र आवडत असेल तर बारावीनंतर इंजिनियरिंगखेरीजही वाटा आहेत हे ध्यानात ठेवा. पुण्याची आयसर ही संस्था 2006 पासून आहे. तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. साधी बी.एस्सी. करूनही पुढे जाता येतं.

2. पीएच.डी. म्हणजे वडिलांच्या खिशाला खड्डा, हा गैरसमज. नेटसारखी परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. घरभाडं वेगळं.

3. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार एकूण 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची वा बालसंगोपनाची रजा देता येते. प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदतही आहे. ही माहिती लग्न ठरवतानाच दोन्ही घरांना असू द्या.

4. खंड पडला म्हणजे सगळं संपलं असं नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना स्त्री-संशोधकांसाठीच आहे. जितक्या लवकर चौकशी कराल तितकं बरं.

5. स्थळ पाहताना पगार, घर, पत्रिका विचारता, तसं हेही विचारा: "प्रबंध पुरा होईपर्यंत थांबाल का? दोन वर्षं परगावी राहावं लागलं तर?" लग्नाआधी विचारलेला प्रश्न जड जातो, पण लग्नानंतर कळलेलं उत्तर त्याहून जड.

6. आणि रोज फोनवर "कधी संपणार?" एवढंच विचारू नका. "आज काय झालं?" असंही विचारा.

परत सांगलीला

ताईला मी सगळं सांगितलं. लाटा, क्यूबिट, नोबेल यांतलं तिला किती कळलं, देव जाणे. विरजणाचं मात्र लगेच कळलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि विषय संपेतो तिशी येईल, तेव्हा स्थळ नाही मिळालं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी खोटं दिलंही नाही. एवढंच म्हटलं, "पोरगी लग्नाला नाही म्हणत नाहीये. दीड वर्ष मागतेय. तिच्या जागी मुलगा असता तर आपण दिलंच असतं ना?"

ताईनं मध्यस्थांना दीड वर्ष थांबायला सांगितलं. भावजींना अजून पटलेलं नाही. संध्याकाळी ते गप्प गप्प असतात. पण गेल्या आठवड्यात भाचीची पुन्हा पाळी लागली. रात्री साडेदहाला तिच्या फोनची घंटी वाजली. पलीकडून ताई. जेवलीस का, नाही, झोपलीस का, नाही. पहिलाच प्रश्न,

"काय गं, झाला का थंड?"